उद्या स्लॅब पडणार

एका रविवारी सकाळी आमचे चिरंजीव बाथरूमच्या फरशीवर पालथे पडलेले दिसले. माझ्या हातातलं दुधाचं पातेलं हिंदकळलं. मी किंचाळणार इतक्यात त्यांनी एक हात वर केला आणि म्हणाले, "आई, पाय ठेवू नकोस, गोटी हलेल."

ओला टॉवेल गादीवर वाळत नाही, एवढं भौतिकशास्त्र ज्याला एकोणीस वर्षांत शिकवता आलं नाही, तो मुलगा फरशीला गाल लावून, एक डोळा मिटून गोटीकडे बघत होता. गोटीने न्हाणीच्या जाळीकडे जाणं अपेक्षित होतं. ती जरा घुटमळली आणि संथपणे उंबऱ्याकडे निघाली. चिरंजीव ताडकन उठून बसले.

"बघितलंस? उतार उलटा आहे!"

"सत्तावीस वर्षं बघतेय," मी म्हटलं. "रोज सगळ्यांच्या आंघोळीनंतर खराट्याने पाणी कोण ढकलतं?"

त्यावर त्याने वहीत लिहून घेतलं, ते नंतर मी वाचलं: 'वापरणाऱ्याची तक्रार – आहे.'

तो आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण पाच वर्षांचं. नातेवाइकांच्या मते ही पाच वर्षं चित्रं काढण्यात जातात आणि सहाव्या वर्षी मुलगा येऊन त्यांच्या स्वयंपाकघराची दिशा बरोबर आहे का ते सांगतो. खरी गोष्ट अशी, की या अभ्यासात बांधकाम आणि त्यातल्या सेवा, म्हणजे पाणी, सांडपाणी, वीज, लिफ्ट, आग, हवा आणि आवाज, यांचे लठ्ठ विषय असतात. डिझाइन म्हणून जे असतं ते कॉलेजात राहतं. बांधकाम आणि सेवा मात्र मुलाबरोबर घरी येतात.

सुरुवात विटेपासून झाली. पहिल्या वर्षी त्याला दीड विटेच्या भिंतीचा कोपरा काढायला सांगितला होता. एक विषम थर, एक सम थर, इंग्लिश बाँडमध्ये. मग तेच सगळं पुन्हा फ्लेमिश बाँडमध्ये. रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर हॉलमध्ये दिवा आणि दिव्याखाली चिरंजीव सेट स्क्वेअर धरून विटा रचत बसलेले. माझ्या वडिलांनी कोकणात आख्खं घर बांधलं, तेव्हा जांभ्याच्या चिऱ्यांवर एवढं जागरण झालं नव्हतं.

"ही बघ, ही क्वीन क्लोजर," तो डोळे चोळत म्हणाला. "आणि हा किंग क्लोजर."

क्वीन क्लोजर म्हणजे उभी चिरून अर्धी केलेली वीट. किंग क्लोजर म्हणजे फक्त एक कोपरा तिरका छाटलेली वीट. राज्य कुठलंही असो, कापायची वेळ आली की राजाचा कोपरा जातो आणि राणी अर्धी होते. मी शाळेत मराठीबरोबर इतिहासही शिकवते, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पुढे छपरांच्या कैच्यांमध्ये मात्र हिशेब फिटला. किंग पोस्ट कैचीला मधोमध एकच खांब असतो, क्वीन पोस्टला दोन, आणि राणीचा आवाका राजापेक्षा मोठा असतो. हे कळल्यावर मी शांतपणे झोपले.

आपल्या नियमांप्रमाणे प्रमाणित वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची. भट्टीवाल्यांना हे अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, कारण त्यांची वीट इंचातच भाजून निघते. शिवाय वाचायला होतं मॅके या इंग्रज गृहस्थाचं पुस्तक. पुस्तक उत्तम, पण ते विलायतेच्या हवेत लिहिलेलं. डोंबिवलीच्या घामात बसून आमच्या मुलाने पाटीच्या दगडांची छपरं काढली. ज्या पाटीवर मी मुळाक्षरं गिरवली ती साहेबाने घरावर पांघरली होती, हे मला त्या दिवशी समजलं. मग वरखाली सरकणाऱ्या खिडक्या काढल्या, चौकटीच्या पोटात दोरीला लटकणाऱ्या वजनांसकट. वरखाली सरकणारी खिडकी मी आयुष्यात फक्त लोकलच्या जुन्या डब्यात पाहिली आहे. तिथे वजनं नव्हती. सगळं वजन आपल्या बोटांवर यायचं.

दुसऱ्या वर्षी साइट व्हिजिट सुरू झाल्या आणि घरातल्या भाषेचं काही खरं उरलं नाही. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. सासूबाईंनी घेतला. "आजी, उद्या यायला उशीर होईल, उद्या आमचा स्लॅब पडणार आहे."

सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि पुन्हा फोन हातात घेतला. "अरे, पडणार आहे हे माहीत आहे, तर तिथे जाताच कशाला?"

बांधकामावर स्लॅब घालतात, टाकतात किंवा भरतात असं नाही, तो पडतो. 'तिसरा पडला, चौथा पंधरा दिवसांनी पडेल' असं हसतमुखाने सांगतात, आणि बँक हे ऐकून कर्जाचा पुढचा हप्ता सोडते. ज्या क्रियापदाला या धंद्याने सगळ्यात जास्त घाबरायला हवं, तेच त्याने आपल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसासाठी राखून ठेवलं आहे. मराठीच्या शिक्षिकेला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, पण वर्गात सांगायची सोय नाही. आमच्या शाळेची इमारत जुनी आहे.

साइटवर त्याला पहिला धक्का बसला तो मापांचा. नकाशात सळई १२ मिलिमीटरची लिहिलेली. फिटर म्हणाला, "चार सूत." दहाची म्हणजे तीन सूत, आठची अडीच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गणिताने चार सूत बारा मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त भरतात, पण त्या थोड्याचा तिथे कुणी बाऊ करत नाही. वाळू ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पण तोच ब्रास गिलाव्याला लावला की शंभर चौरस फूट. "हे कुठल्याच पुस्तकात नाही," चिरंजीव वैतागून म्हणाले. पुस्तकात नव्हतंच. पुस्तकात ओळंबा नव्हता, गुण्या नव्हता, थापी नव्हती, परांचीवर चढताना बिगारी एकमेकांना काय ओरडतात तेही नव्हतं. चार दिवसांत तो ते सगळं शिकून आला. शेवटचं मी त्याला घरात बोलू दिलं नाही.

एक शब्द मात्र पुस्तकातच सापडला आणि मला अभिमानाने भरून आलं. सांडपाण्याच्या धड्यात इंग्रजी परिच्छेदाच्या मध्यभागी, कुणाचंही बोट न धरता, आपली न्हाणी उभी होती. नाहणी ट्रॅप! पी ट्रॅप, क्यू ट्रॅप, गली ट्रॅप असल्या फिरंग्यांच्या रांगेत न्हाणीघरातून थेट आलेली बाई. आमचे चिरंजीव तिला 'नॅनी ट्रॅप' म्हणत होते. त्यांना वाटलं, मुलं सांभाळणारी असावी. मी त्यांच्याकडून तो शब्द दहा वेळा लिहून घेतला.

ट्रॅपबद्दल आदर वाटावा असं अजून एक कारण घडलं. दर मे महिन्यात आम्ही पंधरा-वीस दिवस गावी जातो, आणि परत येऊन दार उघडलं की घरात एक वास भरलेला असतो. इतकी वर्षं मी त्या वासाचा आळ आधी उंदरावर, मग खालच्या मजल्यावरच्या सुकटीवर आणि एकदा तर ह्यांच्या बुटांवर घेतला होता. चिरंजीवांनी वहीत एक वाकडी नळी काढली. त्या वळणात जे पाणी साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटर, तेच गटारातल्या वायूला अडवून धरतं. मधे ना पडदा, ना झडप. नुसतं दोन इंच पाणी सगळ्या शहराचं गटार आपल्या घराबाहेर थोपवून बसलेलं असतं. आपण गावाला गेलो, की उन्हाळ्यात ते उडून जातं आणि दार सताड उघडं पडतं. हे वळण शौचकूपाला जोडून त्याचं पेटंट घेतलं १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने. हा गृहस्थ पेशाने घड्याळजी. घड्याळं करणाऱ्या माणसाला संडास सुचावा यात मला काही विसंगत वाटत नाही. आमच्याकडे सकाळी दोन्हींची गाठ एकाच वेळी पडते.

आता गावाहून निघाल्याचा फोन केला, की शेजारच्या वहिनी आमच्या किल्लीने दार उघडून न्हाणीत एक तांब्या पाणी ओततात. पाच वर्षांच्या फीमधून आत्तापर्यंत वसूल झालेली ही एवढीच रक्कम.

बाकी जे घरात आलं त्याने माझा स्वयंपाक अवघड केला. काँक्रीट किती पातळ झालंय ते बघायची स्लंप टेस्ट असते. ३०० मिलिमीटर उंचीचा, वर निमुळता लोखंडी शंकू. त्यात काँक्रीट थरांनी भरायचं, सळईने ठोसायचं, शंकू अलगद वर उचलायचा आणि आतला ढीग किती बसला ते मोजायचं. तो हे सांगत असताना मी ताटात भात वाढत होते. वाटीत दाबून भरला, उपडी केली, वाटी उचलली. चिरंजीवांचा घास हातातच राहिला.

"आई, तू स्लंप टेस्ट केलीस."

"मी मूद पाडली."

तेव्हापासून रोज जेवताना मुदीची उंची पाहिली जाते. मोकळा आंबेमोहोर झाला तर 'झीरो स्लंप', आसट झाला तर 'हा पंपाने चढवता येईल'. एकदा घाईत खिचडीत पाणी जास्त झालं, तर पाण्याचं प्रमाण वाढलं की ताकद कशी घटते यावर व्याख्यान झालं. तेवढं बरोबर होतं. गवंडी काम सोपं व्हावं म्हणून माल पातळ करतो, आणि पुढे तो सुकताना जादाचं पाणी आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जातं. पण खिचडी तीस वर्षं उभी ठेवायची नव्हती, रात्री नऊपर्यंत संपवायची होती.

याच ओघात माझा एक जन्मभराचा गैरसमज गेला. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं मला वाटायचं. ते वाळून घट्ट होत नाहीच. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, म्हणून तर पाण्याखालीसुद्धा आवळतं. त्यासाठीच स्लॅबवर भाताच्या खाचरासारखी आळी बांधून पाणी भरून ठेवायचं, दिवसचे दिवस पाणी मारत राहायचं आणि २८व्या दिवसाची ताकद ही त्याची खरी ताकद मानायची. मी सहज विचारलं, आपल्या बिल्डिंगला किती दिवस पाणी मारलं असेल? ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. आमची बिल्डिंग बांधली जात होती तेव्हा आम्ही रोज फिरायला जाताना तिकडून जायचो. मला विटा आठवल्या, वाळू आठवली, पाणी काही आठवेना. ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

मग जिना झाला. आमच्या चार मजल्यांना लिफ्ट नाही. एकाखाली एक वळून येणाऱ्या आमच्या जिन्याला शास्त्रात 'डॉग-लेग्ड' म्हणतात, बाजूने कुत्र्याच्या मागच्या पायासारखा दिसतो म्हणून. ही माहिती त्याने सेक्रेटरींना दिली, तेव्हा त्यांना ती सोसायटीच्या प्रतिष्ठेला धरून वाटली नाही. घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरहून उंच नको, पाय ठेवायची जागा २५० हून कमी नको आणि मुख्य म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. चिरंजीवांनी टेप घेऊन एकूण एक पायरी मोजली. दुसऱ्या मजल्याच्या वळणाआधीची एक पायरी इतरांपेक्षा चांगली इंचभर उंच निघाली.

त्या पायरीवर मी स्वतः तीनदा अडखळले आहे. गॅसवाला रोज तिथे आपल्या नशिबाला शिव्या देतो. एका आजोबांनी तिथे ठेच लागल्यावर चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाऊल उंची शिकतं आणि पुढे डोळ्यांना विचारतच नाही, असं चिरंजीव म्हणाले. पाव शतक आम्ही सगळे आपापल्या डोळ्यांना, वयाला आणि चपलांना दोष देत त्या पायरीवरून गेलो, आणि दोष गवंड्याच्या एका दुपारचा होता. आता सेक्रेटरींनी तिला पिवळा पट्टा मारलाय. लोक पट्टा बघायला म्हणून थांबतात आणि मागचा माणूस अडखळतो.

वातानुकूलनाचा भाग आमच्याकडे लवकर आटोपला, कारण एसी नाही. फक्त 'दीड टनाचा एसी' यातला टन हा यंत्राच्या वजनाचा नसून चोवीस तासांत किती टन बर्फ वितळवण्याएवढी उष्णता ओढली जाईल त्याचा असतो, हे कळल्यावर ह्यांनी ऑफिसात दोन दिवस सगळ्यांना सांगितलं.

आवाजाच्या शास्त्राने मात्र घर उघडं केलं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच ऐकू येईना. शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राहायचा. वॉलेस साबीन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. तो रात्री सामसूम झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनचा पाइप वाजवायचा, आवाज किती वेळ रेंगाळतो ते घड्याळ लावून मोजायचा, आणखी गाद्या आणायचा, पुन्हा मोजायचा. खोली केवढी आणि आतल्या वस्तू आवाज किती पितात यावरून घुमणं किती हे सांगणारं सूत्र त्यातून निघालं. हे वाचून आमच्या चिरंजीवांनी हॉलमध्ये घरातल्या सगळ्या उशा, दोन गोधड्या आणि सासूबाईंचा लोड जमवला आणि अर्धा तास टाळ्या वाजवल्या. खालच्यांनी वर येऊन आरती कसली ते विचारलं. साबीनसाहेब सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवत असत. पुस्तकाने हा भाग गाळला असावा.

माणसंही आवाज शोषून घेतात, असं त्याने मला सांगितलं. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. ती काय काय शोषून घेतात ते मला उत्तरपत्रिकांत दिसतं.

आणि मग आमची गळती आली. म्हणजे ती दोन वर्षं होतीच. बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग होता, सुरुवातीला गोव्याएवढा, आता महाराष्ट्राकडे झुकलेला. वरच्या वहिनींशी आमचे संबंध त्या डागाच्या आकाराप्रमाणे बदलत होते. सोसायटीत तीन अर्ज झाले होते. चिरंजीवांनी प्रकरण हातात घेतलं आणि एक आख्खी रात्र जागून, एकास दहा प्रमाणात, वरच्या बाथरूमचा छेद काढला. खाली घेतलेला स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वॉटरप्रूफिंग, फरशी, न्हाणी, पाइप. निळे बाण पाण्याचे, लाल बाण संशयाचे. समासात केशाकर्षण. निष्कर्ष असा, की वरचं बाथरूम पूर्ण फोडल्याशिवाय इलाज नाही. वहिनींनी ते चित्र नीट पाहिलं, छान काढलंय म्हणाल्या आणि पोहे खायला न थांबता वर गेल्या.

शेवटी मी प्लंबरमामांना बोलावलं. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला बाई म्हणतात आणि पैसे सांगताना जमिनीकडे बघतात. ते आधी वर जाऊन आले. पान्याच्या बुडाने एकेक फरशी ठोकून आवाज ऐकला म्हणे. मग खाली आले, मान वर करून डाग पाहिला आणि विचारलं, "बाई, हे रोज टिपकतं का वार धरून?"

दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी आठवून पाहिलं. मंगळवारी आणि शनिवारी जास्त.

"वरती मशीन कधी लावतात?"

मी वहिनींना फोन केला. मंगळवारी आणि शनिवारी. मशीन घेऊन दोन वर्षं झाली होती.

"मशीनचं पाणी एकदम भसकन येतं," मामा म्हणाले. "न्हाणीची जाळी धाग्यांनी तुंबलीय. पाणी वर चढतं आणि पाइपच्या कडेनं उतरतं. बादलीच्या आंघोळीला चढत नव्हतं. तेवढीच कड भरायची आणि जाळी बदलायची."

चिरंजीव गप्प झाले. त्यांच्या छेदात पाइपच्या कडेला एक लाल बाण होता, हे त्यांनी नंतर मला दाखवलं. होता खरा. अकरा बाणांपैकी सातवा.

कोपऱ्यातला फुगलेला गिलावा पडू नये म्हणून तो खरवडून घ्यायचा ठरला. मामांनी घोडा आणून बाथरूममध्ये मांडला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घोडा डुगडुगला. त्यांनी तो सरकवून पाहिला, फिरवून पाहिला.

"फरशीला उतार उलटा आहे," चिरंजीव हलक्या आवाजात म्हणाले. "मी मोजलाय."

"असू दे," म्हणून मामांनी इकडेतिकडे पाहिलं. वॉशबेसिनच्या कडेवर तो छेद गुंडाळून ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला, उलगडला, कौतुकाने मान हलवली, मग चार घड्या घातल्या, पाचवी घातली आणि घोड्याच्या एका पायाखाली सरकवला. वर चढून जरा हलून बघितलं आणि तिथूनच खाली वाकून म्हणाले,

"बाई, एक सूत कमी पडतंय. साहेबांचं अजून एखादं चित्र आहे का?"